बारा नावांचे वाद्य आणि दत्तोबा सुतार

गुरुवार, ११ फेब्रुवारी १९५४. सकाळचे नऊ वाजले असतील. पिंपरीत मुंबई रस्त्याच्या कडेला दत्तोबा सुताराची पडवी होती. तिच्यापुढे एक ट्रक थांबला आणि चार माणसांनी मिळून त्यातून एक अजस्र वस्तू उतरवली. काळ्या मेणकापडात गुंडाळलेली, माणसापेक्षा उंच, खाली फुगीर आणि वर निमुळती. दत्तोबा वाकस हातात घेऊन बैलगाडीचा आरा तासत होता. त्याचा हात तिथेच थांबला.

"मयत हाय का काय?" रहाटणीचे सोपानराव पुटपुटले. ते आपल्या गाडीच्या चाकासाठी सकाळपासून ओट्यावर बसून होते.

ट्रकमधून शेवटी एक काळासावळा, उंच माणूस उतरला. त्याने मेणकापड सोडले आणि आतून तपकिरी चकचकीत लाकडाची एक प्रचंड सारंगी निघाली. तिला लांब मान होती, पोटावर इंग्रजी अक्षरासारख्या वळणाच्या दोन फटी होत्या, आणि एका बाजूने तिचे पोट पाठीपासून वीतभर उसवले होते.

"सुतार मेस्त तुम्हीच?" त्या माणसाने विचारले. "मी मिंगेल. खडकीच्या बँडात वाजवतो. काल लोणावळ्याहून येताना आकुर्डीच्या पलीकडे ट्रक खड्ड्यात आपटला, आणि ही खाली पडली. देवळातल्या वीणेचा भोपळा तुम्ही सांधला, असं ऐकलं."

"सांधला व्हता," दत्तोबा म्हणाला. "पर ती वीणा व्हती. ह्ये काय हाय?"

तो प्रश्न त्याने सहज विचारला नव्हता. त्याच्या पडवीची एक रीत होती, बापाने घालून दिलेली. दुरुस्तीला आलेल्या वस्तूचे नाव आणि धन्याचे नाव भिंतीवर कोळशाने लिहायचे. काम पुरे होऊन वस्तू गेली की ओल्या फडक्याने पुसायचे. नाव लिहिल्याशिवाय हत्यार लावायचे नाही. दत्तोबाला चौथीपर्यंतची अक्षरे येत होती, आणि बावन्नाव्या वर्षीही ती त्या भिंतीमुळेच शाबूत राहिली होती. 'नांगर, मालोजी, मोशी.' 'चाकाचा तुंबा, सोपानराव.' आता त्याने कोळसा उचलला आणि मिंगेलकडे पाहिले.

"डबल बेस," मिंगेल म्हणाला.

दत्तोबाने 'ड' काढला.

"पण बँडच्या कागदावर कॉन्ट्राबास छापतात."

दत्तोबा थांबला. "मंग कंचं लिवू?"

"कुठलंही लिहा. पलटणीतले गोरे हिला बैलाची सारंगी म्हणायचे. लढाईत अमेरिकन आले, ते म्हणायचे कुत्र्याचं घर."

"कुत्र्याचं?"

"आत कुत्रा झोपेल एवढी जागा आहे ना, म्हणून. कोणी उभा बेस म्हणतं, कारण उभ्यानं वाजवावा लागतो. माझा बाप गोव्यात रबेकांव म्हणायचा. आमच्या बँडातली मंडळी नुसतं म्हातारी म्हणतात. म्हातारीला आणा, म्हातारीला चढवा."

"गाभण म्हस म्हना की," सोपानराव म्हणाले. तोवर शेजारची छबूबाई पाण्याची घागर घेऊन उभी राहिली होती. तिला ती वस्तू दुधी भोपळ्यासारखी वाटली. दत्तोबाची बायको गोजाबाई पिठाचे हात पुसत दारात आली आणि म्हणाली, "हत्तीच्या पोरीचं खेळणं असंल."

दत्तोबाने भिंतीवरचा 'ड' अंगठ्याने पुसला. एवढी नावे असलेली वस्तू त्याने जन्मात पाहिली नव्हती. नांगराला नांगर म्हणतात. बैलाला नावे असतात, पण ती लाडाची, आणि तरी तो बैलच. ह्या वस्तूला घरचे नाव कोणते आणि लाडाचे कोणते, हेच त्याला उमगेना. शेवटी त्याने कोळसा फळीवर ठेवून दिला आणि भिंत तशीच कोरी राहिली.

मिंगेलने तारा उतरवल्या, तारांखालची लाकडी घोडी काढली, दोन्ही फडक्यात बांधून बरोबर घेतल्या. "पुढच्या रविवारी, एकवीस तारखेला, लोणावळ्यात रेल्वेच्या साहेबाच्या मुलीचं लग्न आहे," तो म्हणाला. "बँडमास्तरनं सांगितलंय, तोवर म्हातारी उभी राहिली नाही तर माझ्या जागी पुण्याचा माणूस घेईन. आणि मेस्त, एकदा घेतला की तोच राहणार. मुंबईचा कारागीर दोन महिने मागतो. म्हणून तुमच्याकडे आलो."

"बुधवारी या," दत्तोबा म्हणाला. "माझ्या हातचं काम माघारी येत न्हाई."

ही बढाई नव्हती. तीस वर्षांत ते खरोखरच माघारी आले नव्हते. पण अलीकडे मुळात येणारे कामच आटले होते. रबरी चाकांच्या गाड्या निघाल्या होत्या. रस्त्यापलीकडे औषधांचा मोठा कारखाना उभा राहत होता, आणि तिथे परदेशातून यंत्रांची खोकी आली की ती फोडायला दत्तोबाला बोलावत. आयुष्यभर लाकूड जोडलेल्या माणसाने आता खिळे उपटून लाकूड सोडवायचे. तिथला मुकादम लक्ष्मणराव त्याला 'कारपेंटर' म्हणे. ते ऐकले की दत्तोबाला वाटे, आपल्या मागे दुसरेच कोणी उभे आहे.

त्या दुपारी त्याने सारंगीची उसवलेली बाजू सुरीने आणखी थोडी उकलली, जुना सरस खरवडला आणि आत हात घातला. आत काहीतरी गडगडत होते. त्याने बाहेर काढले तर एक गोल काठी. वीतभर लांब, अंगठ्याहून जाड, पांढऱ्या हलक्या लाकडाची, दोन्ही टोके किंचित तिरपी कापलेली.

दत्तोबाने ती उलटसुलट पाहिली. टोकांना सरस नाही. खिळ्याचे भोक नाही. खाच नाही, कूस नाही. म्हणजे ती कशालाच जोडलेली नव्हती. त्याने आत पुन्हा हात फिरवला. जिथून ती निघाली असेल अशी एकही जागा नाही.

मग त्याला कळले, आणि थोडे हसूही आले. दारे, चौकटी, मोठे चाक, काहीही जोडताना सरस सुकेपर्यंत आतून टेकू देतात. ज्याने ही सारंगी बनवली त्याने टेकू दिला, आणि काढायचा विसरला. परदेशातला मोठा कारागीर, एवढे सुरेख रंध्याचे काम, आणि टेकू पोटात! चाकात एक आरा सैल असला तर गाडी दोन कोसांत बसते. सैल लाकूड ही सुताराची बेअब्रू, हे बापाने त्याला वाकस हातात देण्याआधी शिकवले होते. दत्तोबाने मनातल्या मनात त्या परक्या सुताराला माफ केले.

"गोजा, ह्यो घे," तो आत ओरडला. गोजाबाईच्या जात्याचा खुंटा पंधरा दिवसांपूर्वी मोडला होता. नवा करून देतो, देतो म्हणत दत्तोबाने दिला नव्हता. सुताराच्या घरी असेच असते. गोजाबाईने काठी पाहिली, जात्याच्या भोकात घातली आणि वरवंट्याने ठोकून बसवली.

"हलका हाय, पर चालंल," ती म्हणाली.

सांधा मात्र दत्तोबाने असा जमवला की पाहत राहावे. सरस कढवून पातळ केला, आणि चाकावर लोखंडी धाव चढवताना आवळतात तसा सगळीकडून सारखा दोर आवळून, मध्ये मऊ पाचरी देऊन तीन दिवस सावलीत ठेवला. दोर सोडल्यावर नख फिरवले तर सांधा कुठे आहे ते नखालाही कळेना.

बुधवारी मिंगेल सायकलवर आला. त्याने सांधा पाहिला आणि दत्तोबाचा हात धरून दाबला. मग घोडी ठेवली, चार जाड तारा चढवल्या, हळूहळू पिळल्या. सोपानरावांचे चाक झाले होते, तरी ते मुद्दाम आले होते. मिंगेल सारंगीला मिठी मारल्यासारखा उभा राहिला आणि त्याने बोटाने जाड तार ओढली.

आवाज आला, पण तो रिकाम्या कणगीत कोणी खोकावे तसा. मिंगेलने दुसरी तार ओढली. तोच खोकला. त्याचा चेहरा उतरला. त्याने खिशातून लहान आरसा काढला, फटीतून आत धरला आणि बराच वेळ पाहत राहिला.

"मेस्त, आत एक काठी होती?"

दत्तोबाला वाटले, कोणीतरी आपल्या पायाखालची फळी काढली. पडवीच्या मागून जात्याची घरघर ऐकू येत होती.

"न्हाई बा," तो म्हणाला. "काठीबिठी काय न्हवती."

त्याला असे म्हणायचे नव्हते. तोंडाने परस्पर म्हटले. आणि म्हटल्यावर त्याची नजर कुठे गेली तर भिंतीकडे. तिथे काहीच लिहिलेले नव्हते.

"म्हणजे उसवल्या जागेतून रस्त्यात पडली," मिंगेल म्हणाला. "माझीच चूक. तेव्हाच बघायला हवं होतं. आमच्यात तिला आल्म म्हणतात, आत्मा. पुढचं पोट आणि पाठ ह्यांच्या मध्ये ती उभी असते. तारेचा आवाज तिच्यातून पाठीला जातो. ती नाही तर ही नुसती पेटी."

"पर ती बशिवत्यात कशी? सरसानं?"

"काही लावत नाहीत. नुसती उभी."

"आन् पडत न्हाई?"

"तारांच्या दाबानं उभी राहते. तारा काढल्या आणि धक्का बसला की पडते."

मिंगेल सायकल घेऊन निघाला. आकुर्डीपासून पुढे रस्त्याच्या कडेकडेने शोधत जाणार होता. वीतभर काठी, आठवड्यापूर्वी पडलेली, आणि तीही सरपण वेचणाऱ्या बायांच्या रस्त्यावर.

"आत्मा रस्त्यात पडला म्हनं," सोपानराव हसले. "दत्तोबा, तुजा बरा हाय न्हवं जाग्यावर?"

दत्तोबा सारंगीपाशी गेला. त्याला काहीच समजत नव्हते. खोटे बोललो हे कळत होते, पण चूक काय झाली हे कळत नव्हते. सैल लाकूड काढले ही चूक? मग बापाने शिकवले ते काय? जे कशालाच जोडलेले नाही तेच सगळ्यांना जोडते, असे लाकूड असते का? त्याने सारंगीच्या पोटावर बोट वाजवले, पाठीवर वाजवले. दोन्हीकडून वेगवेगळी उत्तरे आली, एका घरात न बोलणाऱ्या जावांसारखी.

तो आत गेला. गोजाबाई दळत होती.

"गोजा, त्यो खुंटा."

"का? काय झालं?"

त्याने सांगितले. गोजाबाईने जाते थांबवले.

"मंग सांगा की त्यास्नी."

"न्हाई म्हनून बसलो."

"का म्हनालासा?"

"म्हाईत न्हाई."

"त्यो मानूस उन्हाचा रस्त्यात काठी हुडकतुया," गोजाबाई म्हणाली, "आन् मी हितं तिच्यावर जवारी दळतीया. म्या आता दळायची न्हाई." तिने खुंट्यावरचा हात काढला आणि पदर सावरून बसून राहिली. अर्धे पीठ जात्याभोवती, अर्धी ज्वारी सुपात. दत्तोबाने तिच्याकडे पाहिले, मग दाराकडे पाहिले, आणि खुंटीवरचे मुंडासे उचलले.

मिंगेल त्याला आकुर्डीच्या पलीकडे एका बाभळीखाली सापडला. सायकल आडवी टाकून तो वाळक्या गवतात काटकीने चाळवत होता. त्याच्याजवळ त्याने जमवलेल्या तीनचार काटक्या होत्या. त्यातली एकही ती नव्हती, हे लांबूनच दिसत होते, आणि तरी त्याने त्या ठेवल्या होत्या. ते पाहून दत्तोबाला जास्त लाज वाटली.

"मास्तर, उठा. काठी माज्या घरात हाय."

मिंगेल काटकी टाकून उठला.

"म्याच काडली. टेकू इसरला आसंल वाटलं. जात्याला खुंटा क्येला."

"जात्याला?"

"व्हय. आन् मगाशी खोटं बोललो."

मिंगेलने सायकल उचलली. परतताना पूर्ण रस्ताभर तो बोलला नाही. सायकल हाताने ढकलत तो पुढे आणि दत्तोबा चार पावले मागे. दत्तोबाला वाटत होते, ह्याने शिवी द्यावी. शिवी दिली असती तर तिला उत्तर तरी देता आले असते.

घरात येऊन मिंगेल जात्यापुढे उकिडवा बसला. काठीचे वरचे टोक वरवंट्याच्या घावांनी फुलासारखे उमलले होते, मधोमध चीर गेली होती, आणि सगळ्या अंगाला पीठ. त्याने ती ओढून काढली, हुंगली, आणि एकाएकी हसू लागला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला.

"लाटसाहेबापुढे वाजली ही," तो गोजाबाईला म्हणाला. "आता बाई, तुमची ज्वारी दळते."

"बारीक दळती," गोजाबाई घाबरून म्हणाली.

काठी कामातून गेली होती. दत्तोबाने त्याच मापाची बाभळीची करून पाहिली. मिंगेलने वाकवलेल्या तारेने ती फटीतून आत उभी केली, तारा पिळल्या, वाजवले. आवाज आला तो विहिरीतल्या बेडकाचा. सागाची केली. तीही मुकी. दत्तोबाने मोडकी काठी पुन्हा हातात घेतली आणि टोकाकडून तिचे धागे पाहिले. केसासारखे सरळ, बारीक, एकमेकांना खेटून. असे लाकूड आपण कुठे पाहिले आहे? पाहिले आहे खास. पण कुठे? बैलगाडीत नाही, दारात नाही. सगळी दुपार तो ते आठवत बसला. संध्याकाळी कारखान्याचा भोंगा झाला तेव्हा तो उठून उभा राहिला.

यंत्रांच्या खोक्यांचे लाकूड! तीच पांढरी, हलकी फळी, जी तो महिनोन्महिने फोडून सरपणाच्या ढिगावर फेकत होता.

गुरुवारी सकाळी तो कारखान्याच्या आवारात गेला. लक्ष्मणराव मुकादमाने विचारले, "किती फळ्या पाहिजेत?"

"येक. वीतभर."

"वीतभर? कारपेंटर, एवढ्यात काय होणार?"

"आत्मा," दत्तोबा म्हणाला, आणि त्याला स्वतःलाच ते विचित्र वाटले. मुकादमाने त्याच्याकडे निरखून पाहिले आणि ढिगाकडे हात केला. दत्तोबाने तासभर ढीग उपसला. गाठीची फळी नको, वाकड्या धाग्याची नको. अखेर एका फळीच्या कडेला त्याला हवी तशी चार बोटे रुंद पट्टी मिळाली.

काठी करायला अर्धा दिवस लागला आणि ती उभी करायला दीड दिवस. चाकाचा आरा कसा, ठोकला की बसतो. ही काठी ठोकायची नव्हती. फटीतून तारेने आत न्यायची, आरशात बघत सरळ करायची, आणि पुढच्या-मागच्या लाकडाला नेमकी टेकेल एवढीच टोके घासायची. बारा वेळा ती आत गडगडत पडली. दत्तोबाने जरा जाड ठेवून दाबून बसवली तेव्हा मिंगेलने मान हलवली.

"घट्ट नको, मेस्त. घट्ट झाली तर पोट फाडेल."

"मंग सैल?"

"सैलही नको."

"घट न्हाई, सैल न्हाई," दत्तोबा वैतागला. "मंग हाय तरी काय?"

मिंगेलने आरसा पुन्हा फटीत धरला. दत्तोबाने टोक आणखी एक केस घासले. त्यापेक्षा कमी घासणे त्याला येत नव्हते.

शनिवारी दुपारी, २० तारखेला, तारा पिळल्या आणि मिंगेलने जाड तार ओढली. आवाज आधी कानाला आला नाही, पायाला आला. मग फळीवरच्या पटाश्या थरथरल्या, रांजणातले पाणी हलले, आणि ओट्यावर बसलेले सोपानराव पाय वर घेऊन बसले.

"म्हस उठली," छबूबाई म्हणाली.

दत्तोबाने पाठीच्या लाकडावर तळवा टेकवला. पुढून निघालेला आवाज मागे त्याच्या हातात येत होता. त्याने हात काढला, पुन्हा लावला. ते कसे होते, हे त्याला तेव्हाही समजले नाही. पुढेही कोणी विचारले की तो म्हणे, "आमाला न्हाई कळलं. पर व्हतं."

निघताना मिंगेलने पेन्सिल पुढे केली. वाद्य दुरुस्त करणाऱ्याने आत नाव लिहायचे, अशी त्यांच्याकडे पद्धत होती, आणि फटीतून हात घालून जवळच्या लाकडावर लिहिता येत असे.

"ज्यानं बिगाडलं त्याचं बी लिवत्यात का?" दत्तोबाने विचारले.

"दोन्ही तुम्हीच."

दत्तोबाने पेन्सिल परत दिली. तेव्हा मिंगेलनेच आत हात घालून काहीतरी लिहिले. काय लिहिले ते बाहेरून दिसण्यासारखे नव्हते.

एप्रिलात खडकीहून एक कार्ड आले. पोस्टमनने ते वाचून दाखवले, आणि वाचताना तोच गोंधळला: 'लग्न चांगलं झालं. माझी जागा राहिली. बँडातले आता म्हातारी म्हणत नाहीत. जातं म्हणतात. जातं छान चाललं आहे. बाईंना सांगा.'

"ह्यास्नी पिठाची गिरण काडली का काय?" पोस्टमन म्हणाला.

गोजाबाईला दत्तोबाने फेब्रुवारीतच बाभळीचा नवा खुंटा करून दिला होता. तो ठोकताना ती जवळ बसून होती. "ह्यो मातुर घट बशिवा," ती म्हणाली. "माज्या जात्याला आत्मा नगं."

त्यानंतर पडवीत बैलगाड्या आणखी कमी आल्या. दत्तोबा आठवड्यातले चार दिवस कारखान्यात जाऊ लागला. खोकी फोडताना मात्र त्याने एक सवय लावून घेतली होती. सरळ धाग्याची फळी दिसली की तिची एक पट्टी वेगळी काढून घरी आणायचा. अशा पुष्कळ पट्ट्या माळ्यावर साठल्या. कशासाठी, ते गोजाबाईने विचारले की तो म्हणे, असू दे.

बुधवार, ७ नोव्हेंबर १९५६ रोजी ट्रक पुन्हा पडवीपुढे थांबला. सारंगीच्या मानेची एक खुंटी तडकली होती. मिंगेल उतरून काय झाले ते सांगू लागला, पण दत्तोबा ऐकत नव्हता. त्याने आधीच फळीवरचा कोळसा घेतला होता आणि कोणालाही न विचारता भिंतीवर लिहिले होते: 'जातं, मिंगेल मास्तर, खडकी.'

सोपानराव तिथेच होते. त्यांनी भिंत वाचली, मग मिंगेलला आपादमस्तक पाहिले.

"मास्तर," ते म्हणाले, "जातं घिऊन सोता आलासा, घरची बाई आजारी हाय व्हय?"